पहिली ओंजळ

कोठारवालीने बियाण्याचं मडकं उपडं केलं आणि सगळा मका चादरीवर पसरला. दाणे पिवळे, टपोरे, एकजात सारखे.

“आई, परवाचा मका यात टाकलात?”

“एक ओंजळच,” सासू म्हणाली. “घरात दाणा आला की पहिली ओंजळ बियाण्याची. तुला काय आज कळतंय?”

कळत होतं, परवा आठवलं नाही, एवढंच. मदतीचा हा मका परदेशातून आला होता, प्रयोगशाळेत गुणधर्म बदललेल्या वाणाचा. खाऊन काही होत नाही, असं काही तज्ज्ञ सांगत; बाकीचे म्हणत, सावकाश कळेल. भांडण मिटेना, तेव्हा तोडगा निघाला. मका दळूनच वाटायचा, म्हणजे कुणी पेरणार नाही आणि गावच्या बियाण्यात भेसळ होणार नाही. महिनाभर तिच्या ताब्यातल्या गोदामातून फक्त पीठ बाहेर पडलं. परवा मात्र गिरणीचा पट्टा तुटला. दुष्काळात तेरावा महिना! दारात पोरं कडेवर घेऊन बाया ताटकळत होत्या. दोन तास वाट पाहून तिने स्वतःच्या जबाबदारीवर अख्खा मका वाटला. साहेब फोनवर ओरडले, तेव्हा ठणकावून म्हणाली, “माझी माणसं खातील, पेरणार नाहीत.” मग घरोघरी जाऊन तिने तंबी दिली. राहिलं ते तिचं स्वतःचं घर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

“निवडून काढते,” सासू चादरीशी बसत म्हणाली. “चाळीस वर्षं हे बी राखलंय. अर्धं गाव माझ्याकडून नेतं. माझा दाणा मी डोळे मिटून ओळखेन.”

कोठारवाली उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर पाच दाणे होते.

“यातला आपला कुठला?”

सासूने एकेक दाणा बोटांत फिरवला, नखाने दाबून पाहिला आणि एक उचलला.

“हा.”

पाचही दाणे सुनेने मदतीच्या पिशवीतूनच आणले होते. तिला स्वतःचीच लाज वाटली. सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला दाणा हळूच चादरीवर ठेवला.

“पेरणीला लोक येतील गं,” ती म्हणाली. “काय सांगू त्यांना?”

“मी सांगेन. चूक माझी आहे.”

“ओंजळ माझी होती.”

सकाळी गिरणीला नवा पट्टा बसला होता. रांगेत पहिल्या या दोघीच. गिरणीवाल्याने मडक्यात डोकावून पाहिलं.

“आजी, हे तर बियाणं तुमचं!”

“दळ,” सासू म्हणाली. “बारीक.”

तिने स्वतःच मडकं उचलून गिरणीच्या वरच्या तोंडात ओतलं. ओतता ओतता सवयीने तिचा डावा हात पुढे गेला आणि मूठभर दाणे बाजूला काढून थांबला. गिरणीवाला कळ दाबायचा थांबला. कोठारवालीने मान वळवली आणि उगाचच पिठाची चाळण झटकू लागली.

गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हाच तिने मागे पाहिलं. सासू दोन्ही रिकामे हात पदराला पुसत होती.

“पीठ गरम आहे तोवर घरी चल,” ती म्हणाली. “खाऊन तरी बघू, कसं लागतंय.”