पाच मजले

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस समुपदेशक बाईंकडे यायचा तो पाच मजले जिना चढून. सोबत बायको. लोक हसायचे. हसू देत, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात दीड तास तो लटकला होता, हसणारे नव्हते. त्या गोष्टीला चार महिने झाले होते. येत्या सोमवारी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही, तर कंपनी त्याला कायमचा घरी बसवणार होती.

"या आठवड्यात दार उघडं ठेवून नुसतं आत उभं राहायचं. जमेल?" बाई दर वेळी विचारायच्या.

"हो मॅडम."

आणि करायचा काहीच नाही. हो म्हणायला जीभ थोडीच झिजते!

सहाव्या खेपेला बाईंनी वही मिटली. "चुकलं माझं. मी रेटत राहिले, तुम्ही मान डोलावत राहिलात. आज 'हो' बंद. खरं सांगा, बरं व्हायचंय तुम्हाला?"

त्याच्या आत राग नव्हता, भीतीही नव्हती. वीज गेलेल्या खोक्यासारखं सगळं.

"नाही."

बाई दचकल्या नाहीत. "का?"

"वीस वर्षं बटणासारखा जगलो. कुणीही यावं, दाबावं. घाबरायला लागलो तेव्हा कुठं बायकोनं विचारलं, जेवलात का. बरा झालो की कोण कुत्रं विचारतंय?"

"तिला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग लिफ्ट राहू द्या. आज एवढंच करा."

बाहेर बाकावर बायको गुडघे चोळत बसली होती. त्यानं जसंच्या तसं सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" ती उसळली. "दर आठवड्याला पाच मजले चढते, ते काय हौस म्हणून? बरे झालात की ताटावरून उठवणार आहे तुम्हाला?" मग आवाज उतरला. "आधी विचारत नव्हते, हे मात्र खरंय."

त्याला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"मी काही आता जिना उतरायची नाही," म्हणत तिनं लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं, ती त्याच्यासाठी थांबली, दार मिटलं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा मिटलं.

तिसऱ्यांदा त्यानं मध्ये पाय घातला. दार बुटाला टेकून मागं सरलं. छाती धडधडतेय की नाही, त्याला कळेना.

"दार घासतंय. खाली कचरा अडकलाय."

"मग काढा की," म्हणत ती त्याच्या आधी आत जाऊन उभी राहिली.

त्यानं पाय मागं घेतला नाही.