बेटावरचे चाळीस पेले

पालमच्या बाजूला गोदावरीत एक बेट आहे. उन्हाळ्यात पाणी गुडघ्यावर आलं की मनकर्णाबाई मेंढरं घेऊन तिथं जायची. काठावरचं गवत गावाचं, बेटावरचं आपलं, असा तिचा सरळ कायदा होता.

त्या गुरुवारी तिला तिथं प्लास्टिकचे चाळीस पेले कडेपर्यंत जमिनीत पुरलेले दिसले. पेल्यांत पाणी आणि पाण्यात मुंगळे, कोळी, भुंगे बुडून मेलेले. पाखरांना पाणी ठेवायचं पुण्य लोकांना कळतं, पण त्यात काडी टाकायची अक्कल नसते! बुडत्याला काडीचा आधार काय फक्त माणसांपुरता असतो? मनकर्णाबाईनं तणतणत सगळे पेले उपसून नदीत रिकामे केले, धुतले, परत खड्ड्यांत बसवले, पाणी भरलं, एकेक काडी टाकली आणि बाभळीखाली समाधानानं शिदोरी सोडली.

दुपारी राजेश्री आली. झरी गावची पोरगी, परभणीत शेतकी शिकणारी. पेले पाहून ती एकेकात डोकावत गेली.

“मावशी, हे कुणी केलं?”

“मीच की. साबणाचा वास यायला होता. मेंढरानं तोंड लावलं असतं म्हंजे?”

“प्यायला नव्हतं वो ते. किडे पडावेत म्हणूनच ठेवलं होतं, साबणानं ते तरंगत न्हाईत. बेटावर कोण कोण राहतंय ते मोजायलेय मी. पावसाळ्याचं झालं, हिवाळ्याचं झालं. उन्हाळ्याचं हेच होतं, आठ दिवसांचं.”

“मग पुन्ना ठेव की आठ दिवस.”

“सोमवारी नव्या बंधाऱ्याची दारं टाकायलेत. बेट कायमचं पाण्यात जायलंय.”

एवढं बोलून राजेश्री रडायला लागली. बेट जाणार हे मनकर्णाबाईला ठाऊक होतं. तिनं पलीकडचं गायरान बघूनही ठेवलं होतं. गवताचा विचार तिनं केला होता, गवतातल्या जिवांचा नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मेलेले काय मोजतीस? चल, जित्ते दाखविते.”

तिनं दगड उलटला, तर खाली पाठीवर पिल्लं घेतलेली विंचवीण. शेणात गोळे लोटणारे भुंगे, ओल्या काठाला गोगलगायी, वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्यांची वाट बघत बसलेली अळी. राजेश्री डोळे पुसत लिहीत गेली. दिवस कलेपर्यंत तेवीस प्रकार झाले.

“लय झालं, मावशी. पण रातच्याला फिरणारे ह्यात न्हाईत. ते पेल्यातच घावतेत.”

मनकर्णाबाईनं बोटांवर दिवस मोजले.

“सोमवारला चार दिस हायत. आण तुझा साबण. मेंढरं मी इकडं येऊ देत न्हाई.”

काड्या तिनंच काढल्या, साबणाचं पाणीही तिनंच ओतलं. शेवटचा पेला भरतोय तोच एक काळा भुंगा तुरुतुरु आला आणि आत पडून पाय झाडायला लागला. मनकर्णाबाईचं बोट आपसूक पुढं झालं. तिनं ते मागं घेतलं आणि पदरात गुंडाळलं.

“लिही बाई ह्याला,” ती म्हणाली. “सोमवारी तर हा बुडणारच हाय, अन् तवा लिहायला कुणी न्हाई.”