नोंद जुळली

"आजी, आपरेशन होऊन तुमचा उजवा डोळा झालाय म्हणतंय हितं," जोतीराम म्हणाला आणि त्यानं संगणकाचा पडदा म्हातारीकडे वळवला.

दगडाबाईंना तिथं नुसता उजेड दिसला असणार. डावा डोळा ऊस तोडताना पातं लागून कधीचाच गेलेला, आणि उजव्यातला मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. "झाला असता तर काटेवाडीवरनं कशाला आले असते, दादा?"

बारामतीच्या या दवाखान्यात येण्याआधी जोतीरामनं उभी हयात वालचंदनगरला कारखान्याच्या गेटवर रखवालदार म्हणून लोकांचे जेवणाचे डबे उघडून बघण्यात घालवली होती. कामगार त्याला लांबूनच डबा उघडून दाखवायचे. मंडईतून बायकोनं आणलेली भाजीसुद्धा तो घरी पुन्हा तोलायचा. असा माणूस पडताळणीच्या टेबलावर शोभूनच दिसे. सरकारी योजनेत पूर्वी नुसतं कार्ड दाखवलं की भागायचं. आता नव्या नियमानं चेहरा, अंगठा, आधीचे उपचार असं सगळं जुळावं लागतं. नाही जुळलं तर प्रकरण समितीकडे जातं आणि चौकशी लागते.

"गेल्या साली इंदापूरला डोळ्यांचं शिबिर झालं, तितली नोंद हाय. म्हंजी तुमच्या डोळ्याला हात न लावता कुणीतरी बिल काढलं." जोतीराम मनातून खूशच झाला. चोर आयता हाताला लागला होता. "तुमी फकस्त म्हणा, मी तितं गेलेच न्हाय. ज्यानं तुमचं नाव वापरलं त्याच्यावर पोलीस केस करतो."

दगडाबाईंच्या सोबत आलेली धाकटी जाऊ, भागूबाई, मागं भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं झाली नाही, पण तिथूनच बोलली.

"जोतीरामभाऊ, पोलीस कशाला?"

जोतीरामनं मान वर केली. नाव त्यानं सांगितलं नव्हतं. ते खिशावरच्या बिल्ल्यावर होतं, अगदी बारीक अक्षरांत.

"तुमचं कार्ड हाय का?"

"न्हाय निघालं. माहेरचं नाव एक, हितलं एक. जुळंना."

"आन डोळं?"

भागूबाई पदराचं टोक पिळू लागली. जोतीराम काय ते समजला. एका घरात एकीचं लुगडं दुसरी नेसते, तसं एकीचं कार्ड दुसरीनं नेलं होतं. तेव्हा दगडाबाईंना उजव्यानं भागण्यापुरतं दिसत होतं आणि नड भागूबाईची होती.

"आक्का, मी सांगते..." म्हणत भागूबाई जवळ आली.

"गप." दगडाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि जोतीरामच्या आवाजाकडे तोंड केलं. "माझाच झालाय डोळा. म्हातारपणी इसरले. तुमचं मशीन बरोबर हाय."

"आसं म्हणलात तर हा डोळा परत योजनेत बसायचा न्हाय, आजी."

"नगं बसू दे. दिसतंय मला."

जोतीरामनं दोन बोटं वर धरली. खात्री केल्याशिवाय त्यानं आजवर कुणाला सोडलं नव्हतं. "किती?"

दगडाबाई थांबल्या. भागूबाईचा मोकळा हात त्यांच्या पाठीवर होता. तो एकदा दाबला गेला, मग पुन्हा एकदा.

"दोन," दगडाबाई म्हणाल्या.

गेटवर अशी चोरी त्यानं जागेवर धरली असती. आता त्याला भागूबाईची चीड आली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना पाहून ती चीडही टिकेना. खरं लिहावं तर दोघींची चौकशी लागणार आणि डोळा तर तसाही अडकणार. खोटं लिहावं, डोळा आधीच झालाय म्हणून नोंद जुळवावी, तर म्हातारी त्याच्या हातानं कायमची आंधळी होणार. दगडाबाई जावेचं मनगट सोडत नव्हत्या. जोतीरामनं 'नोंद जुळली' वर बोट ठेवलं आणि दाबलं.

दोघी उठल्या. खिडकीतून तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"पायरी हाय, आक्का," दारात भागूबाई म्हणाली.

"दिसतंय मला," दगडाबाई म्हणाल्या आणि पायानं पायरी चाचपत राहिल्या.