सी म्हणजे केवढं?

सर्जनने बाईच्या छातीवर निळ्या पेनाने रेघा ओढल्या आणि पेनाला टोपण लावलं. "ठरल्याप्रमाणे कमी करून सी कप. आता भूल देताना भेटू," असं म्हणून तो पडदा सारून गेला.

बाईने मान डोलावली. बालवाडीत तिच्या एका हाकेसरशी सगळी पोरं चिडीचूप व्हायची. इथे तिच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. एका हाताला सलाइन. गाऊनची नाडी तुटलेली, म्हणून दुसरा हात पाठीमागे गाऊन धरण्यात अडकलेला.

नणंद पिशवीतून ऑपरेशननंतर घालायची ब्रा काढत होती. "तुला माझ्याएवढं हवंय ना, म्हणून माझीच नवी आणलीय, वहिनी."

बाईने ब्रावरची मापाची चिठ्ठी पाहिली. "अगं, ही डी आहे! तू सी घालतेस म्हणाली होतीस ना?"

"ती कंपनी वेगळी. त्यांचं सी, ह्यांचं डी. अंग तेच गं."

"घरी माझ्या ब्रावरही डीच लिहिलंय!"

"म्हणजे तुझी-माझी मापं सारखीच?" नणंदेला हसू आवरेना. "मग ऑपरेशन कशाला? चल घरी!"

बाईला हसू आलं नाही. नणंदेच्या भरवशावर तिने सर्जनला सी सांगितलं होतं, त्यानेही तेच धरलं होतं. त्याच्या मनातलं सी कुठल्या दुकानातलं? जास्त कापलं तर परत कुठून आणायचं? बाहेर स्ट्रेचरची चाकं कुरकुरली. सगळे तयार होऊन थांबलेले. आता नाही म्हणायचं कसं?

"ताई, डॉक्टरांना बोलाव."

"आत्ता? रागावतील गं."

"रागावू देत."

सर्जन आला, तोंडावरचा मास्क खाली ओढत. "काय झालं? विचार बदलला?"

"नाही. पण तुम्ही सी केवढं धरलंय?"

"तुम्हीच सांगितलंत की!"

"मी चिठ्ठीवरचं सांगितलं, डॉक्टर. चिठ्ठ्यांचा काही मेळ नाही."

"बरं, अक्षर सोडा. आता काय जमत नाही, ते सांगा."

पोरांना बाई नेहमी करूनच दाखवायची. तिने पाठीमागचा हात सोडला. गाऊन सुटला, नणंद तो सावरायला धावली. बाई पायरीच्या स्टुलावर बसली आणि समोरच्या पोराच्या बुटाची नाडी बांधावी तशी वाकली. वाकली ती मध्येच अडली. छाती गुडघ्यांना टेकली आणि श्वास कोंडला.

"इथवर हात पोचला पाहिजे," ती धापा टाकत म्हणाली. "पण सपाट नको. दमलेलं पोर इथे डोकं टेकून झोपतं."

सर्जन उकिडवा बसला. ती कुठे अडते ते त्याने निरखून पाहिलं, मग नणंदेकडे पाहिलं. "ह्यांच्याएवढं?"

"साधारण. थोडं जास्त चालेल."

"मग माझं सी तुम्हाला फार कमी पडलं असतं," तो हळूच म्हणाला.

स्ट्रेचर दारात येऊन थांबलं. "दोन मिनिटं," त्याने बाहेर सांगितलं, आणि स्पिरिटचा बोळा घेऊन तो पहिली रेघ पुसू लागला. बोळा बर्फासारखा गार होता. बाई हलली नाही.