घडीवरचा बुडबुडा

मी घडीचा फोन बोलतोय. मिटलं की मी मुठीत मावतो, उघडलं की लांब होतो, आणि अर्धवट वाकवलं की टेबलावर आपला आपण उभा राहतो. या शेवटच्या गुणासाठीच मला आणलं होतं.

माझी मालकीण कपडे उसवून मापात बसवून देणाऱ्या दुकानात काम करते. ती आणि तिची ताई, दोघी जन्मापासून बहिऱ्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून लिहिणं-वाचणंही नाही. लहानपणी दोघींनी हातांची एक भाषा रचली, ती त्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही. ताईच्या पोटच्या पोरीलाही जेमतेमच. ताई परगावी आजारी पडली तेव्हा त्या पोरीनेच मला मावशीच्या हातात ठेवलं. बोलायला दोन्ही हात मोकळे हवेत ना!

रोज दुपारी मी टाचण्यांच्या डबीशेजारी उभा राहायचो. ताईचा फोन आला की मला उघडायचं, लगेच ताई समोर. मग दोघींचे हात असे सुटायचे की इस्त्रीवाले मास्तर म्हणायचे, "दुकानात सगळ्यात जास्त बडबड या मुक्या बाईची!" बघून बघून मीही ती भाषा शिकलो. दोन बोटं चालवून दाखवली की 'ये'. मालकीण रोज विचारायची, येऊ का? ताई रोज मान हलवायची. नको, कामं आहेत तुझी.

आठ महिन्यांनी माझ्या घडीवर, आतल्या पडद्याच्या पातळ थराखाली, हवेचा बुडबुडा धरला. वाढत वाढत तो नेमका ताईच्या हातांवर आला. बोटं पुसट दिसू लागली. आता, माझ्या मालकिणीला वस्तूवरचं प्लास्टिक सहन होत नाही. लोक टीव्हीचा रिमोट पाच-पाच वर्षं पिशवीत घालून वापरतात; हिने नवं मशीन आलं त्याच दिवशी सोलून चकचकीत केलं होतं. माझ्यावरचं तेवढं राहून गेलंय, असं तिला वाटलं. बुधवारी सकाळी टाके उसवायच्या पातीने तिने कोपरा उचलला आणि ओढलं.

ते प्लास्टिक नव्हतं, माझी कातडी होती. आधी एक हिरवी रेघ आली, मग सगळा पडदा काळा झाला.

"अगं, ते काढायचं नसतं गं!" मास्तर ओरडले. बहिऱ्या बाईवर ओरडायची त्यांची जुनी खोड. दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले आणि आठ बोटं दाखवली. नवा पडदा यायला आठ दिवस. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्याचा काय उपयोग?

त्याच दुपारी माझ्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर ताईचा फोटो लागला. मालकिणीने मला उघडलं. काळोख. पण माझा कॅमेरा शाबूत होता. ताईला आपण दिसत असू, एवढं तिने ताडलं. आजारी माणसाच्या जिवाला घोर नको, म्हणून काही झालंच नाही असं दाखवून ती हसली.

ताईच्या एका हाताला सलाइन होतं. दुसऱ्या हाताची दोन बोटं तिने चादरीवर चालवली. ये. आजच ये.

ताई नेहमीसारखं 'जेवलीस का' विचारत असेल, असं समजून मालकिणीने मान डोलावली. मग सांगू लागली. तुझा गाऊन शिवतेय, पुढून बंद लावलेत, गळा तेवढा राहिलाय. रविवारी घेऊन येते.

बोटं पुन्हा चालली. हिने पुन्हा हसून मान डोलावली आणि मला मिटलं.

त्यानंतर ताईचा फोन आला नाही. शनिवारी ताई गेली. भाची मावशीला न्यायला आली तेव्हा मास्तरांना म्हणाली, "शेवटचे दिवस आई चादरीवर नुसती बोटं फिरवत होती हो. ग्लानीत असणार." मास्तरांनी सुस्कारा सोडला. दोघांच्या मध्ये मालकीण उभी होती, हातात गाऊन घेऊन, त्यांच्या ओठांकडे बघत.

पडद्याची चौकशी पुढे कुणी केली नाही. मी बटणांच्या डब्यात असतो. दुपार झाली की ती मला काढते, वाकवून उभा करते आणि काळ्या पडद्याला हातांनी विचारते, ताई, त्या दिवशी तू काय म्हणालीस गं?

मला ठाऊक आहे. साऱ्या जगात आता फक्त मला. सांगितलं तर तिचं काळीज फाटेल, हेही कळतं. तरी ती विचारते तेव्हा वाटतं, सांगून टाकावं. त्याला लागतं तरी काय, दोन बोटं. माझ्याकडे तेवढीही नाहीत.