घोड्याचा चौथा पाय

काडीचं चेचलेलं टोक भिंतीला टेकलं होतं, चुन्याचा टपोरा थेंब त्यावर थरथरत होता, प्रमिलानं तो अलगद खाली ओढला — आणि गेरूच्या भिंतीवर काहीच उमटलं नाही. टोक अजून हवेतच होतं. चिडून तिनं हात पुढं रेटला, तर काडी भिंतीवर आपटली आणि घोड्याच्या पोटाखाली पांढरा डाग पसरला.

"वहिनी, माह्या नवऱ्याचा घोडा तीन पायाचाच हाय का वो?" गहू निवडता निवडता रजनी हसली. "लंगडत येईन बिचारा आपल्या गावापर्यंत, रामाकोन्याले!"

नणंदेच्याच लग्नाची भिंत. गेल्या साली याच हातानं अर्ध्या गावाच्या भिंती रंगवल्या — घोडा, पालखी, वाजंत्री, सगळं एका दमात. मग शेतात कापसाची पऱ्हाटी उपटताना एक खुंट उजव्या डोळ्यात गेला… एक डोळा शाबूत आहे ना, नशीब समज, म्हणाले सगळे. नशीबच. भिंत दिसते, रंग दिसतो, घोडासुद्धा दिसतो. फक्त भिंत नेमकी किती दूर आहे तेवढं दिसत नाही, आणि हे कुणाला सांगू मी? नवऱ्याला सांगितलं, तर मोरेश्वर म्हणाला, चष्मा घेऊ.

"राहू दे बाई," सासू मायेनंच म्हणाली, आणि तेच जास्त झोंबलं. "मोरेश्वरले पांढुर्ण्याले धाडतो. तिथला पेंटर तेलरंगात काढून देते."

मांडीशी लेक कुरकुरली. प्रमिलानं न पाहताच तिचं नाक पुसलं, गालावरची शेंबडाची रेघही. इथं कसा हात चुकत नाही? इथं बघतंय कोण… बोटंच आधी पोचतात.

तिनं डावा तळवा भिंतीवर दाबून धरला. गार, खरखरीत. अंगठ्याला घासत काडी खाली आणली. रेघ उमटली — पण काय ती रेघ! जाड, जागोजागी अडखळलेली, थकल्या बैलाच्या पायासारखी. तिचे घोडे असे कधी उभे राहिले नव्हते.

"आन ते फडकं, मी पुसतो," सासू पुढं झाली. "काहून जीव काढून राहिली?"

प्रमिलानं ओलं फडकं मुठीत आवळलं. रेघ तिला मुळीच आवडली नव्हती, बघवतही नव्हती. पण दुसऱ्या कुणाचा हात त्या रेघेवरून फिरावा… नाही.

"थांबा आत्याबाई," ती म्हणाली, इतक्या जोरात की लेक दचकली. "पुसायची तर मीच पुसीन."

आणि पुसली नाही.