हरकतीची फाइल

घणसोलीतल्या आमच्या सेक्टरात घरांच्या जागेवर दुकानांना परवानगी द्यायचं महापालिकेच्या मनात होतं. सोसायटीचा सेक्रेटरी मी. माझं डोकंच फिरलं. हरकतीचं पत्र लिहिलं आणि तळमजल्यावरच्या क्षिप्राकडून टाइप करून घेतलं. नवऱ्याची महापेतली नोकरी गेल्यापासून ती घरच्या हॉलमध्येच लोकांना झेरॉक्स काढून देते. तिने पत्र छान फायलीत लावून दिलं.

सुनावणीत मी टेबलावर हात आपटला. "साहेब, आमच्या बिल्डिंगमध्ये एकही दुकान नाही, आणि नकोच!"

साहेबांनी फाइल उलटी केली. मागे स्टिकर होतं: 'क्षिप्रा झेरॉक्स', खाली आमच्याच सोसायटीचा पत्ता.

"मग हे काय?"

"ते दुकान नाही हो साहेब," मी ओरडलो, "ती आमची क्षिप्रा आहे!"